मनगटावरचा नाडीवैद्य

सातारा/सांगली : पावसाचा जोर ओसरू लागला, की साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पहाटेच्या धुक्यातून धावणाऱ्यांची वर्दळ वाढते. २०१२ पासून भरणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने या शहराला धावण्याचे वेड लावले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती ठरू नये. चढावर दम लागलेला धावपटू पूर्वी कमरेवर हात ठेवून थांबत असे. आता तो आधी मनगट वळवून घड्याळाकडे पाहतो. तिकडे सांगलीच्या आमराईत सकाळची फेरी मारणारे ज्येष्ठ नागरिकही पावलांच्या जोडीला नाडीचे ठोके, झोपेचे तास आणि रक्तातील प्राणवायूची टक्केवारी यांची चर्चा करताना दिसतात. वैद्याने तीन बोटे ठेवून नाडी पाहावी, ती जागा आता दोन-तीन हजार रुपयांपासून लाखापर्यंत किंमत असलेल्या एका चकतीने घेतली आहे.

अंगावर वागवण्याच्या या उपकरणांचे पीक गेल्या दहा वर्षांत अमाप वाढले. घड्याळ, पट्टा, अंगठी, दंडावर चिकटवायची चकती अशी त्यांची रूपे अनेक आहेत. ती नेमके काय पाहतात, काय पाहू शकत नाहीत आणि पडद्यावर उमटलेला आकडा पुढे कोणाच्या कामाला येतो, हे मात्र विकत घेताना क्वचितच विचारले जाते. यातील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी २०२० आणि २०२१ या वर्षांत फार जवळून पाहिले आहे. मात्र त्याआधी या यंत्राचे काम कसे चालते, हे पाहिले पाहिजे.

घड्याळ काढून उलटे केले, तर त्याच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या सूक्ष्म वाहिन्यांत रक्ताची लाट येते, त्या क्षणी अधिक प्रकाश शोषला जातो व परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. लाट ओसरली, की तो पुन्हा वाढतो. शेजारी बसवलेला प्रकाशसंवेदक हा चढउतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. म्हणजे घड्याळ हृदयाचे ठोके ऐकत नाही, ते प्रकाशाची उघडझाप मोजते. पलंगावर शांत पडलेल्या माणसाच्या बाबतीत हे गणित बऱ्यापैकी अचूक येते.

घाटात मात्र ते बिघडू शकते. हात हलतो, पट्टा सैल असतो, घामाने किंवा पावसाने कातडी ओली झालेली असते, गारठ्याने वाहिन्या आकसलेल्या असतात. त्यातून एक गमतीदार, पण घातक घोटाळा होतो. धावणाऱ्याची पावले मिनिटाला १६० ते १८० पडतात. प्रत्येक पावलागणिक हाताला बसणारा हिसका रक्ताच्या लाटेसारखाच भासतो आणि घड्याळ ठोक्यांऐवजी पावलेच मोजू लागते. उतारावर श्वास स्थिरावलेला असतानाही आकडा १७० वर अडून बसला, तर पहिला संशय हृदयाचा न घेता पट्ट्याचा घ्यावा, तो थोडा घट्ट करून वर सरकवावा. छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, त्यामुळे तो अशा वेळी अधिक विश्वासार्ह ठरतो.

दुसरा घोटाळा सूत्राचा आहे. २२० मधून वय वजा केले, की हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा मिळते, असे पुष्कळ घड्याळे गृहीत धरतात. ४५ वर्षांच्या व्यक्तीसाठी हा आकडा १७५ येतो. हे सूत्र सरासरीचे आहे. प्रत्यक्षात माणसामाणसांत १० ते १२ ठोक्यांचा फरक सहज पडतो आणि काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या ठोक्यांची गती मुळातच खाली ठेवतात, हे घड्याळाला ठाऊक नसते. २०२२ मध्ये साताऱ्याच्या या स्पर्धेत एका तरुण धावपटूचा मृत्यू झाला होता. अशा दुर्घटनेनंतर घड्याळांची मागणी वाढते. वास्तविक, चाळिशीनंतर घाट धावायचा असेल, घराण्यात हृदयविकार असेल किंवा धावताना छातीत दडपल्यासारखे होत असेल, तर त्याआधी हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे अधिक शहाणपणाचे आहे. ही तपासणी मनगटावर होत नाही.

हृदयाची नोंद अंगावर वागवण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यातील शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हृदयाच्या विद्युत लहरी बिनतारी पाठवणारे यंत्र तयार केले. ते पाठीवर बांधावे लागे आणि त्याचे वजन होते सुमारे ३८ किलो! माणूस दिवसभर आपले नेहमीचे व्यवहार करीत असताना हृदय कसे चालते, हे त्यांना पाहायचे होते. दवाखान्यात पाच मिनिटे उताणे झोपवून काढलेला आलेख ते सांगू शकत नव्हता. आज ‘होल्टर’ याच नावाने ओळखले जाणारे यंत्र तळहाताएवढे झाले आहे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हापासून वैद्यकीय सेवेसाठी ख्याती पावलेल्या या गावात, किंवा कराड-साताऱ्यात, हृदयरोगतज्ज्ञाकडे गेलेल्या अनेकांनी ते दिवसभर छातीवर वागवलेले असेल.

घड्याळाने होल्टरच्या पुढे एक पाऊल टाकले, ते म्हणजे दिवसांऐवजी महिनोन्‌महिने पाळत ठेवण्याची सोय. वाढत्या वयात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते आणि ते नुसतेच थरथरू लागतात. वैद्यकशास्त्रात याला ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. या अवस्थेत कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत पोहोचली, तर पक्षाघात होतो. पुष्कळांना हा दोष आहे हे कळतच नाही, कारण तो येतो आणि जातो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ॲपल कंपनीच्या घड्याळावर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक सहभागी होते. त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना ‘नाडी अनियमित आहे’ असा इशारा मिळाला. ज्यांनी त्यानंतर छातीवर पट्टी लावून नोंद परत पाठवली, त्यांच्यातील ३४ टक्के लोकांत हा दोष दिसला. बाकीच्यांचे इशारे खोटे होते, असा याचा अर्थ नाही. दोष मधूनच उद्भवणारा असल्याने पट्टीच्या काळात तो उमटला नसेल. ६५ वर्षांवरील व्यक्तींना इशारा मिळण्याचे प्रमाण ३ टक्क्यांच्या वर होते, चाळिशीच्या आतील लोकांत ते ०.१६ टक्के. या फरकाकडे लक्ष द्यायला हवे. साठी-सत्तरीच्या आईवडिलांच्या मनगटावर जे घड्याळ उपयोगी पडू शकते, तेच पंचविशीतल्या मुलाच्या मनगटावर बहुधा काळजीचेच कारण ठरते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो जिवावर बेतू शकतो. हृदयविकाराचा झटका घड्याळाला ओळखता येत नाही. काही घड्याळांवर बोट टेकवून हृदयाचा आलेख काढता येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा सोयीला मान्यता दिली. परंतु तो आलेख हृदयाकडे एकाच दिशेने पाहतो. रुग्णालयात काढला जाणारा आलेख बारा दिशांनी पाहतो, आणि रक्तवाहिनी बंद पडून हृदयाचा कोणता भाग गुदमरला आहे, याचा माग त्यातूनच लागतो. छातीत दुखते आहे, घाम फुटला आहे, डावा हात किंवा जबडा भरून आला आहे आणि घड्याळ मात्र ‘लय नियमित’ म्हणते आहे, अशा वेळी घड्याळावर विसंबून घरी बसणे म्हणजे मौल्यवान वेळ दवडणे होय. झटक्यानंतरचा पहिला तास-दोन तास उपचारांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात.

प्राणवायू मोजण्याच्या यंत्राची कथा याहून वेगळी आहे. जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी १९७० च्या दशकाच्या आरंभी हृदय मिनिटाला किती रक्त फेकते, हे कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून मोजण्याच्या खटपटीत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा आलेख सारखा थरथरे. हा अडथळा दूर करता करता त्यांच्या ध्यानात आले, की त्या थरथरीतच प्राणवायूचे प्रमाण दडलेले आहे. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू कमी असलेले रक्त तांबडा व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते. दोन्ही प्रकाश पाठवून केवळ ठोक्यासरशी बदलणारा भाग तेवढा मोजला, की टक्केवारी मिळते. १९७४ मध्ये त्यांनी हे तत्त्व मांडले. पुढील काळात शस्त्रक्रियागृहातील भूलतज्ज्ञांना या यंत्राविना चालेनासे झाले. आओयागी यांचे एप्रिल २०२० मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी निधन झाले. नेमक्या त्याच महिन्यांत त्यांचे यंत्र बोटाच्या चिमट्याच्या रूपाने जगभरातील घरांत शिरत होते.

आपल्याकडे इस्लामपूरने मार्च २०२० मध्येच करोनाचा धसका घेतला होता. मिरजेतील शासकीय रुग्णालय करोना रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले. साताऱ्यात शिवाजी संग्रहालयाच्या इमारतीत मोठे करोना रुग्णालय उभारावे लागले. या आजाराचा एक विचित्र गुण डॉक्टरांच्या ध्यानात आला होता : रुग्ण बोलत असे, चालत असे, जेवत असे आणि त्याच्या रक्तातील प्राणवायू मात्र मुकाट्याने उतरत असे. धाप लागेपर्यंत उशीर झालेला असे. सरकारी निकषांनुसार प्राणवायू ९४ टक्के किंवा अधिक असल्यास आजार सौम्य, ९० ते ९३ असल्यास मध्यम आणि ९० च्या खाली गेल्यास गंभीर मानला जाई. घरी राहावे की रुग्णालय गाठावे, याचा निर्णय त्यामुळे बोटाला लावलेल्या चिमट्यावर येऊन ठेपला.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. तापमापक आणि हा चिमटा घेऊन पथके घरोघर फिरू लागली. आशा सेविका आणि स्वयंसेवकांनी दारात उभे राहून आकडे लिहून घेतले, आकडा कमी दिसला तर आरोग्य केंद्राला कळवले. सहा मिनिटे चालून पुन्हा प्राणवायू मोजण्याची साधी चाचणी याच काळात घरोघर माहीत झाली. चालल्यानंतर आकडा तीन-चार अंकांहून अधिक उतरला, तर ती धोक्याची खूण. २०२१ च्या उन्हाळ्यात राज्याच्या अन्य भागांत दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापूर, सांगली आणि सातारा येथे ती रेंगाळली आणि ही चौकी-पहाऱ्याची पद्धत जून-जुलैपर्यंत ताणली गेली.

त्या काळात या यंत्राचे मोल यंत्रात नव्हते. चिमट्यामागे नोंद घेणारी बाई होती, तिच्यामागे आरोग्य केंद्र होते, केंद्रामागे रुग्णवाहिका आणि मिळालीच तर खाट होती. यांपैकी एक दुवा निखळला, की ८८ हा आकडा घरच्यांना केवळ घाबरवून सोडी. एप्रिल-मे २०२१ मध्ये खाटांसाठी फिरलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. चिमट्यांच्या किमती तेव्हा इतक्या भडकल्या, की जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारला प्राणवायूमापक, रक्तदाबमापक, साखरमापक, तापमापक व वाफारा यंत्र यांच्यावरील विक्री नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. त्या चिमट्यामागे उभ्या असलेल्या बाईचे काय? राज्यातील सुमारे ७० हजार आशा सेविकांना त्याच वर्षी १५ जूनपासून मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. यंत्राची किंमत ठरवण्यास सरकारला वेळ लागला नाही, यंत्र वापरणारीची किंमत ठरवण्यास संप व्हावा लागला.

या चिमट्याच्या मर्यादाही त्याच काळात पुढे आल्या. गारठलेली बोटे, गडद नखरंग, काळी मेंदी, सतत हलणारा हात यांमुळे आकडा चुकतो. महाबळेश्वरच्या थंडीत बाहेरून आल्या आल्या बोट लावले तर ९१ दिसेल. हात चोळून, पाच मिनिटे बसून पुन्हा लावले तर ९६. डिसेंबर २०२० मध्ये एका अमेरिकी अभ्यासाने अधिक गंभीर बाब समोर आणली : यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत प्राणवायू प्रत्यक्षात ८८ च्या खाली असल्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गौरवर्णीयांत ३.६ टक्के आढळले. गडद त्वचेतून प्रकाश निराळ्या रीतीने पार होतो आणि यंत्र खरे त्याहून बरे चित्र रंगवते. सावळ्या कातडीच्या आपल्या देशात हा मुद्दा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. एका आकड्यापेक्षा त्याचा कल पाहावा, असे म्हणतात ते यासाठीच. काल ९७, आज सकाळी ९५ आणि संध्याकाळी ९३ ही उतरंड, यंत्र एक-दोन अंकांनी चुकत असले तरी, पुरेशी बोलकी असते.

मनगटी घड्याळातील प्राणवायूचा आकडा तर चिमट्याहूनही कच्चा असतो. चिमट्यात प्रकाश बोटाच्या आरपार जातो. मनगटावर तो त्वचेखालून परतणाऱ्या अंधुक किरणांवर भागवतो. म्हणूनच बहुतेक घड्याळांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ असे छापलेले असते. जाहिरातीतील अक्षरे अर्थातच मोठी असतात.

रक्तदाबाचीही तीच गत. दंडाला फुगणारा पट्टा न बांधता केवळ नाडीच्या लाटेवरून रक्तदाब सांगणारी घड्याळे बाजारात आहेत. ती अंदाज बांधतात आणि त्यासाठी त्यांना पट्ट्याच्या यंत्राचा आधार लागतो. एका प्रसिद्ध कंपनीच्या घड्याळाला दर २८ दिवसांनी असे जुळवून घ्यावे लागते. युरोपातील उच्च रक्तदाब तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा पट्टाविरहित यंत्रांवर निदान किंवा उपचार ठरवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. दीड-दोन हजार रुपयांचे दंडाला बांधायचे यंत्र या कामी पाचपट महागड्या घड्याळापेक्षा सरस आहे.

साखरेच्या बाबतीत फसवणुकीला अधिक वाव आहे, कारण गिऱ्हाईक मोठे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या उंबरठ्यावर आहेत. दंडावर चिकटवायची चकती हे यातील खरे उपकरण. तिचा केसाएवढा तंतू कातडीखालील द्रवातील साखर चौदा दिवसांच्या आसपास सतत मोजतो. रात्री साखर अचानक उतरणाऱ्या, इन्शुलिनवर असलेल्या रुग्णाला ती जीवदान ठरू शकते. रक्तातील बदल त्या द्रवात पोहोचायला काही मिनिटे लागतात, त्यामुळे लक्षणे एक सांगत असतील आणि चकती दुसरेच, तर बोट टोचून खात्री करावी लागते. प्रत्येक चकतीला काही हजार रुपये पडतात आणि ती दर पंधरवड्याला बदलावी लागते, हेही खरे. सुई न टोचता केवळ मनगटावरून साखर सांगतो, असा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या मात्र वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा एकाही घड्याळाला तोपर्यंत त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. त्या आकड्यावर विसंबून कोणी इन्शुलिनची मात्रा वाढवली, तर परिणाम काही तासांत दिसू शकतो.

या दोन जिल्ह्यांत अशा उपकरणांची खरी गरज कोठे आहे, याचा विचार केला तर आमराईतले फेरीवाले डोळ्यांसमोर येत नाहीत. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर विखुरले आहेत. पाटण, जावळीच्या खोऱ्यांतील पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबल्या, आता त्यांची मुले पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत आहेत. गावातील घरी राहतात ती म्हातारी माणसे. मुलगा दिवाळीला येतो आणि आईच्या मनगटावर घड्याळ बांधून जातो. आई घसरून पडली आणि मिनिटभर हललीच नाही, तर काही महागडी घड्याळे आपोआप आपत्कालीन क्रमांक फिरवतात आणि मुलालाही निरोप धाडतात. सोय उत्तम आहे, यात शंका नाही.

मात्र त्यासाठी घड्याळाला जवळ मोबाइल किंवा स्वतःचे सिमकार्ड लागते आणि दोहोंना लागते ती रेंज. कोयनेच्या काठावरील, कांदाटी खोऱ्यातील वाड्यांवर ती अनेक ठिकाणी टेकडी चढल्याशिवाय मिळत नाही. रोज रात्री घड्याळ चार्जिंगला लावायचे, म्हणजे नेमके रात्री उठून न्हाणीघरात जाताना ते हातात नसणार. पुण्यात बसलेल्या मुलाला निरोप पोहोचला, तरी दरवाजा उघडायला शेजारीच जाणार. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती वाडीपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो आणि शेजाऱ्याकडे घराची दुसरी किल्ली आहे का, या दोन गोष्टींची चौकशी घड्याळाचे दुकान गाठण्याआधी करून ठेवणे बरे. शेजाऱ्याचा क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये आणि औषधांची यादी आईच्या उशापाशी असली, तर घड्याळाचा निरोप वाया जाणार नाही.

एक बाब बहुतेकांच्या गावीही नसते. मनगटावरची माहिती मनगटावर राहत नाही. नाडी, झोप, मासिक पाळी, आपण कोणत्या वेळी कोठे होतो, हे सारे कंपनीच्या संगणकावर साठते आणि तो संगणक बहुधा देशाबाहेर असतो. विमा कंपन्यांना आणि नोकरी देणाऱ्यांना या माहितीत किती रस असेल, हे सांगायला नको. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू करण्यासाठी तेथून पुढे १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. तोवर नवे घड्याळ बांधताना ‘मान्य’ या बटणावर बोट टेकवण्याआधी, कोणकोणती माहिती देण्यास आपण होकार देतो आहोत, ती यादी उघडून पाहता येते. त्यातील बहुतेक खुणा काढून टाकल्या, तरी घड्याळ नाडी मोजतच राहते.